'तूं कोणालें गो?' विचारणाऱ्या दारात काय बोलावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी सत्तावीस वर्षांची, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातली. गावात उघड दोन तट आहेत. ट्रकवाले, बार्जवाले, खाणीवर नोकरी केलेले एका बाजूला. ज्यांच्या शेतात खाणीची माती आली आणि विहिरी आटल्या ते दुसऱ्या बाजूला. ही ग्रामसभेत शेतवाल्यांच्या बाजूने बोलली. सख्ख्या मामाचे दोन ट्रक. त्या रविवारपासून मामाने बोलणे टाकले. आता विधानसभेच्या प्रचारासाठी तिच्याकडे नेमका मामाचाच वाडा (गावातली वस्ती) दिला आहे. ती विचारते: पलीकडच्या माणसांशी बोलायचे कसे, वाद पेटला तर काय करायचे, आणि ह्या सगळ्याने मत बदलते का?

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचे उत्तर एकदा मनात बसले की अर्धे ओझे उतरते. प्रचाराच्या शेवटच्या पंधरवड्यात दारात जाऊन पलीकडच्या माणसाचे मत फारसे बदलत नाही. चाळीस वर्षे वाडे तुडवून मला हे कळले. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा हिशेब करून २०१८ साली तेच सांगितले: सार्वत्रिक निवडणुकीत कोणाला मत द्यायचे ह्यावर घरोघरच्या भेटी, फोन, पत्रके ह्या सगळ्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य.

मग जायचे कशाला? त्याच दोघांचा २०१६ सालचा दुसरा प्रयोग आहे. मायामीत ५६ कार्यकर्ते ५०१ मतदारांच्या दारात उभे राहून तृतीयपंथीयांबद्दल सुमारे दहा दहा मिनिटे बोलले. वाद घातला नाही, आकडे फेकले नाहीत. समोरच्याला त्याच्याच आयुष्यातला, आपल्याला कोणीतरी वेगळे म्हणून हिणवल्याचा प्रसंग आठवायला लावला. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनी विचारले तेव्हाही तो फरक टिकून होता. (ह्याआधीचा एका दुसऱ्या संशोधकाचा असाच अभ्यास २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला होता. त्यातली गडबड उघडी पाडणाऱ्यांत हे दोघेच पुढे होते. म्हणून त्यांच्या आकड्यांवर माझा जरा जास्त भरवसा.)

तेव्हा मामाचे मत तुमच्या उमेदवाराला मिळेल ही आशा घेऊन जाऊ नका. 'शेतवाले म्हणजे आमच्या पोटावर पाय देणारे' ही मामाची समजूत आणि 'ट्रकवाले म्हणजे पैशासाठी गाव विकणारे' ही तुमच्या बाजूची समजूत, ह्या दोन्ही थोड्या सैल करता येतात. मी ज्याला काम म्हणतो ते एवढेच.

आपल्याकडे कडवटपणा एवढा का येतो हेही समजून घ्या, नाहीतर तुम्ही तो सगळा स्वतःवर ओढून घ्याल. चाळीस मतदारसंघ आणि २०२२ च्या निवडणुकीत मतदार साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारही नाहीत. त्याच वेळी सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी ठरली. खुद्द मुख्यमंत्री साखळीत ६६६ मतांनी निवडून आले. ७६ मते म्हणजे वीस-पंचवीस घरे. महाराष्ट्रात लाखांच्या मतदारसंघात एक घर इकडचे तिकडे झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे प्रत्येक घर हिशेबात धरलेले असते, म्हणून राग थेट घरापर्यंत येतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची मते नमुना २० ह्या निकालपत्रकात वेगवेगळी जाहीर होतात. कोणत्या वाड्याने किती 'दगा दिला' हे निकालाच्या संध्याकाळपर्यंत बाजारात माहीत असते. दारात माणूस तुटकपणे बोलतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला तुमच्याशी वैर नसते. शेजारच्या सोप्यावरून (ओसरीवरून) कोण पाहतो आहे ह्याची त्याला धास्ती असते.

आता माझे दोन अनुभव सांगतो. तंत्राआधी ते कळले पाहिजेत.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मी सात वर्षांचा होतो. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. आमच्या अंगणात वडिलांचे फूल आणि काकांची दोन पाने. 'गोमन्तक' हे दैनिक वडिलांच्या उशाशी, 'राष्ट्रमत' काकांच्या. दोघे एकाच विहिरीवर, पण पाणी भरायच्या वेळा वेगळ्या केल्या. कौल लागला: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१. वडील दोन दिवस जेवले नाहीत असे आई सांगायची. आणि मग मार्चअखेर विधानसभेची निवडणूक झाली, तर विलीनीकरणाचा झेंडा घेतलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा निवडून आला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोन-अडीच महिन्यांत! गोवेकरांनी विलीनीकरण नाकारले आणि विलीनीकरणवाद्यांना सत्ता दिली. पुष्कळांना ह्यात विसंगती दिसते, मला दिसत नाही. कुळाला जमीन पाहिजे होती, पोरांना गावात शाळा पाहिजे होती, ती भाऊसाहेब देत होते. आणि गोवा मात्र गोवाच राहायला पाहिजे होता. एकाच माणसाच्या पोटात ही दोन्ही मते सुखाने नांदत होती. एका मतावरून आख्खा माणूस ओळखायची घाई करू नये हे मी त्या अंगणात शिकलो, म्हणजे समजले फार उशिरा.

समजले नव्हते ह्याचा पुरावा दुसऱ्या अनुभवात आहे. कोकणी की मराठी ह्या राजभाषेच्या चळवळीत, १९८६ साली, मी तरुण शिक्षक होतो आणि मराठीच्या बाजूने तावातावाने बोलायचो. त्या डिसेंबरात रस्ते अडवले गेले, माणसे मेली. आमच्याच शाळेत एक सहकारी कोकणीवाले होते. एकदा स्टाफरूममध्ये, दहा जणांसमोर, मी त्यांचा एकेक मुद्दा खोडत गेलो. ज्ञानेश्वरी काढली, पोर्तुगीज काळातल्या मराठी शाळा काढल्या, घराघरातल्या पोथ्या काढल्या. त्यांच्याकडे उत्तर उरले नाही. सगळे हसले. मी जिंकलो! ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा, आणि मराठीचा सरकारी कामात वापर करण्याची तरतूद. दोन्ही बाजू थोड्या खूश, थोड्या नाराज. ते गृहस्थ त्यानंतर अकरा वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. माझे मुद्दे चुकीचे नव्हते, पण दहा जणांसमोर मी त्यांना परतायला वाट ठेवली नव्हती. आजही मी मराठीवालाच आहे. मात्र दारात गेलो की कोकणीतच बोलतो. आपल्या बहुतेकांचे तसेच आहे. वाचायला, लिहायला, आरतीला मराठी, आणि भांडायला, लाड करायला कोकणी. सासष्टीत ख्रिस्ती घरी गेलात तरी तेच करा, तुमची कोकणी त्यांच्या कानाला अंत्रुजी, म्हणजे फोंड्याकडची, वाटली तरी चालेल. हसतील, आणि हसले तर चांगलेच आहे.

आता प्रत्यक्ष दारात.

दोघेच जा. आठ-दहा जण टोप्या घालून गेले की ती फेरी होते. फेरीत हात जोडता येतात, बोलता येत नाही. दोघांपैकी एक त्या वाड्यावरचा असावा. दुपारी एक ते चार कोणाच्या घरी जाऊ नका. जेवून पडलेल्या गोवेकराला उठवून मत मागणारा माणूस निवडणूक तिथेच हरतो. संध्याकाळी पाच ते सात बरे, ख्रिस्ती घरी तेर्साच्या (संध्याकाळच्या प्रार्थनेच्या) आधी, हिंदू घरी दिवा लावून झाल्यावर. माटव घातला असेल, कोणाचे बारावे असेल, तर पुढच्या घरी.

पहिले वाक्य खरे बोला. 'सहज आले होते' असे म्हणू नका. म्हातारी विचारणारच: 'तूं कोणालें गो?', म्हणजे तू कोणाची गं? आधी तिला ओळख द्या, अमक्याची नात, तमक्याची भाची; मग लगेच सांगा की मी ह्या पक्षासाठी आले आहे, ग्रामसभेत मी असे बोलले होते, तुम्हाला ते आवडले नसेल हे मला माहीत आहे. तुम्ही तिसऱ्या घरी पोचण्याआधी ही बातमी तिथे पोचलेली असते. लपवून काही मिळत नाही, उघड सांगितले तर निदान 'पोर खोटे बोलत नाही' एवढी पत मिळते.

ह्यानंतर मी एक गोष्ट विचारतो, ती जरा सविस्तर सांगतो. परदेशातले कार्यकर्ते दारात 'शून्य ते दहामध्ये तुम्ही कुठे?' असे विचारतात. आमच्या म्हाताऱ्यांना ते परीक्षेसारखे वाटते. मी विचारतो, 'रुपयातले किती आणे पटते?'

२०१८ च्या पावसाळ्यात एका ट्रकवाल्याकडे गेलो होतो. संदर्भ आठवा: २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले, १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प. दारात ट्रक उभा, टायरांखाली दगड, चाकाभोवती गवत. मी विचारले, खाण सुरू व्हावी हे रुपयात किती आणे पटते?

'सोळा.'

'सोळाच्या सोळा?'

तो जरा थांबला. म्हणाला, 'चवदा म्हण. आमची बांय (विहीर) सुकली ती खाणीनेच. बायको दोन वाडे पलीकडून पाणी आणत होती.'

आता इथे नव्वद टक्के कार्यकर्ते घात करतात. त्या दोन आण्यांवर झडप घालतात: 'बघा! तुम्हीच म्हणता!' असे म्हटले की त्याच क्षणी तो पुन्हा सोळावर जातो आणि परत खाली येत नाही. ते दोन आणे तुमचे नाहीत, त्याचे आहेत. गप्प बसायचे. फार तर 'मग कसे केले तेव्हा?' एवढे विचारायचे. मी तेवढेच विचारले आणि पुढची वीस मिनिटे तो बोलत होता, टँकरबद्दल, बायकोच्या कमरेबद्दल, बँकेच्या हप्त्यांबद्दल, विहिरीचा विषय खाणीवरच्या साहेबाकडे काढल्यावर महिनाभर त्याच्या ट्रकला फेऱ्या कमी मिळाल्या त्याबद्दल. शेतवाल्यांची बाजू मी मांडली असती तर ती एवढी चांगली मांडता आली नसती.

मग त्याने मला विचारले, 'आणि तुझे किती?' हा प्रश्न आला की समजायचे, बोलणे सुरू झाले. तेव्हा तुम्हीही सोळा म्हणालात तर खेळ संपला. मी म्हणालो, खाण बंद राहावी हे मला बारा आणे पटते. उरलेले चार कुठे गेले? माझ्या वर्गातल्या मुलांच्या बापांचे ट्रक दारात गंजताना मी पाहिले. बारावी झालेला एक हुशार मुलगा हप्ते भरण्यासाठी किनाऱ्यावरच्या हॉटेलात रात्रपाळीला गेला आणि परत शिकला नाही. त्या मुलाला मी काय उत्तर देणार? हे मी बोललो तेव्हा तो ट्रकवाला माझ्याकडे नव्हे, ट्रककडे पाहत होता.

त्याने मत कोणाला दिले मला ठाऊक नाही. विचारलेही नाही. पुढच्या वर्षी चवथीच्या आधी त्याच वाड्यावरच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरची माती काढायला त्याने त्याच ट्रकने दोन फेऱ्या मारल्या, डिझेलचे पैसे घेऊन. डिझेलचे घेतले हे मला विशेष आवडले. फुकट केले असते तर ते उपकार झाले असते.

तर जाण्याआधी तुमचे आणे मोजा. खरोखर मोजा. शेतवाल्यांच्या बाजूच्या कोणत्या गोष्टी तुम्हाला पटत नाहीत? काही जणांनी नुकसानभरपाई घेतली आणि वरून मोर्चातही आले, ते बरोबर वाटते का? तुमचे खरोखर सोळाच्या सोळा निघत असतील तर तुम्ही त्या वाड्यावर जाऊ नका, दुसऱ्या कोणाला पाठवा. हे रागाने म्हणत नाही. सोळा आण्यांची माणसे सभेला लागतात, मोर्चाला लागतात. दारात ती उपयोगाची नसतात.

आकडे आणि कागद ह्यांबद्दल थोडेच. एका भेटीत एक गोष्ट, कागदासकट, आणि तीही त्याने विचारली तर. न्यायालयाचा निकाल काय होता असा प्रश्न आला तर वर दिलेल्या तारखा सांगा, मत जोडू नका. व्हॉट्सॲपवर गावाच्या ग्रुपमध्ये वाद घालू नका. तिथे दोनशे जण पाहत असतात, म्हणजे माझी स्टाफरूम वीसपट मोठी झाली असे समजा. कोणी खोटे काही टाकले तर त्या माणसाला फोन करा आणि विचारा, 'दादा, हे वाचून मला काळजी वाटली, तुम्हाला कुठून मिळाले?' खजील न होता तो स्वतः काढून टाकील, किंवा टाकणार नाही. दोन्ही चालेल.

नोकरीचा विषय मात्र नाजूक आहे, त्यावर थांबतो. प्रत्येक वाड्यावर दोन-चार घरे अशी असतात की ज्यांच्या मुलाला कोणा नेत्याने सरकारी नोकरी लावली. ती घरे 'विकली गेली' असे तुमच्या बाजूचे बोलत असतील. असे कधीही बोलू नका, मनातही आणू नका. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) दारात मुंडकार, म्हणजे त्याच्या जागेत राहणारे, म्हणून उभ्या राहिलेल्या घरात पहिला पगार येतो तेव्हा तो काय असतो हे पगारावर वाढलेल्याला कळत नाही. उपकाराची आठवण ठेवणे हा आमच्या लोकांचा गुण आहे, नेते त्याचा गैरफायदा घेतात हा नेत्यांचा दोष. अशा घरी मी सरळ म्हणतो, 'तुमचे मत मी मागत नाही, ते कोणाचे आहे मला माहीत आहे. ओहोळाच्या कामाबद्दल बोलायला आलो आहे.' चेहरा मोकळा होतो. मग धाकट्या मुलीची गोष्ट निघते, जिला नोकरी लागली नाही आणि जिच्यासाठी पुन्हा त्याच दारात जायची लाज वाटते. ऐका, आणि त्यावरही झडप घालू नका.

घरात बोलतो कोण हेही पाहा. सोप्यावर बापये (पुरुष) बोलतात, बायका आतल्या दारात उभ्या राहून ऐकतात. कितीतरी घरांत मत दोन ठिकाणी जाते आणि ते कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून नवऱ्यासमोर बायकोला, बापासमोर मुलाला 'तुमचे काय?' असे विचारू नये. बायकांशी बोलायचे तर मागच्या दाराने जा, रांदणीच्या (चुलीच्या) बाजूने, किंवा स्वयंसाहाय्य गटाच्या बैठकीनंतर थांबा. तुम्ही मुलगी आहात, माझ्यापेक्षा तुम्हाला हे दार सोपे आहे. मला चाळीस वर्षांत ते अर्धेही उघडता आले नाही.

आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांच्या दारी पण जा. त्यांना गावात 'घाटी', 'भायले' (बाहेरचे) म्हणतात आणि प्रचाराच्या शेवटच्या रात्रीशिवाय कोणी विचारत नाही. त्यांच्याशी मराठीत, हिंदीत, जमेल तसे बोला. तुमच्याच बाजूचा कोणी त्यांच्या मतदार कार्डावरून टोमणा मारील, तिथल्या तिथे त्याला थांबवा.

वाद पेटला तर? पेटण्याची तीन-चार ठरावीक ठिकाणे आहेत. समोरचा प्यायलेला असेल तर 'मागीर येतां' (नंतर येते) म्हणून उठा. चारचौघांत असेल तर तो तुमच्याशी बोलतच नसतो, आपल्या माणसांसाठी खेळ करत असतो. त्याला एकटा गाठा, दुसऱ्या दिवशी, पोदेराकडे (पाववाल्याकडे) पाव घ्यायला येतो तेव्हा. तुम्हाला व्यक्तिशः शिव्या दिल्या तर आवाज खाली आणा. वर गेलेल्या आवाजाला खालच्या आवाजाशी फार वेळ भांडता येत नाही, मी वर्गात रोज पाहिले. पण जात-धर्म काढला तर गप्प राहायचे नाही. 'हे मला मान्य नाही, ह्या विषयावर मी बोलणार नाही', एवढे स्पष्ट म्हणून नमस्कार करून निघायचे. आपल्या बाजूकडूनही हे कटाक्षाने पाळा: उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी धर्म, जात, भाषा ह्यांच्या नावाने मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन, मतदाराचा धर्म आणि जातही त्यात येते असे ठरवले. भाषेच्या नावाने मत मागायची आपल्याकडे जुनी खोड आहे, तीही त्यातच बसते.

एक गोष्ट दोन्ही बाजूंना हसवते, ती खिशात ठेवा. जुलै २०१९ मध्ये दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ काँग्रेस आमदार भाजपमध्ये गेले. त्याआधीही गोव्यात हे नवे नव्हते. ज्यांच्यासाठी वाड्यावर भावाने भावाच्या घरचे पाणी सोडले, ते विधानसभेत एका बाकावर बसले. मी हे कोणाला टोचायला सांगत नाही. 'त्यांचे जुळले, आमचे अजून जुळायचे आहे' असे म्हणतो. ट्रकवालाही हसतो, शेतवालाही. दोघे एकाच गोष्टीला हसल्यावर पुढची पाच मिनिटे बोलणे सोपे जाते.

भेट पंधरा मिनिटांची. चहा आला तर प्या, दुसरा नको. वही दारात काढू नका, माणूस साक्ष देतो आहे असे त्याला वाटते. घरी जाऊन लिहा, आणि कोण कोणाला मत देणार हे लिहू नका. ओहोळ, विहीर, पेन्शनचा अडकलेला अर्ज, हे लिहा. मग निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा जा, जिंकलात तरी आणि हरलात तरी, आणि आधी त्या घरी जा जिथे तुम्हाला सगळ्यात वाईट बोलणी ऐकावी लागली. हे जवळजवळ कोणी करत नाही. निकालानंतर एकदा असा गेलो, तर दारातला माणूस मागे-पुढे पाहायला लागला, मी काहीतरी विसरून गेलो आहे की काय म्हणून. त्या दिवशी मात्र तो खूप बोलला.

आता मामा. त्यांना ह्या सगळ्यातून वगळा. त्यांच्या वाड्यावर जा, पण त्यांच्या घरी पत्रक घेऊन जाऊ नका. ते घर जोडीदाराकडे द्या. मामांचा राग खाणीवरचा नाही असे मला तुमच्या लिहिण्यावरून वाटते. तुम्ही ग्रामसभेत उठण्याआधी त्यांना सांगितले नव्हते, आणि आपली भाची काय बोलली हे त्यांना गावासमोर कळले. माझ्या सहकाऱ्यांसारखेच झाले. म्हणून माफी मागा, पण बोललात त्याची नव्हे, ते मागे घेऊ नका. आधी सांगितले नाही ह्याची. आणि अकरा वर्षे थांबू नका. माझ्या सहकाऱ्यांकडे मी शेवटी गेलो तेव्हा ते आजारी होते, आणि आम्ही भाषेबद्दल एक शब्द बोललो नाही, सगळा वेळ कुळागरातल्या सुपारीबद्दल बोललो.

आधी मामींना फोन करा, दुपार सोडून. मामा घरी कधी असतात, आणि दोघेच कधी असतात ते विचारा. पुढच्या दाराने, सोप्यावरून, चार शेजाऱ्यांच्या नजरेसमोरून जाऊ नका. मागच्या दाराने जा. लहानपणी तुम्ही त्या घरात त्याच दाराने शिरत असणार.